ताऱ्याच्या स्फोटाची ऊर्जा धुऱ्यावर मोजा: टप्प्याटप्प्याने करायची पद्धत

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा महास्फोट, एवढं आता आठवीतल्या पोरालाही माहीत असतं. घोडं अडतं ते त्याची ऊर्जा सांगताना. कोणी म्हणतं ‘कोट्यवधी अणुबॉम्ब’, कोणी म्हणतं ‘अब्जावधी सूर्य’, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्हींचा अर्थ एकच उरतो: खूप मोठं. शाळेत विज्ञान शिकवणारे, गावात आकाशदर्शन घेणारे, घरी पोरांना समजावणारे, सगळ्यांच्या त्याच त्या चुका होतात. ऊर्जा आणि ऊर्जेचा दर यांची गल्लत होते. शून्यं चुकतात. डोळ्यांना दिसलेला उजेड म्हणजेच सगळी ऊर्जा, असं धरलं जातं. आणि घरातल्या दिव्यावरून थेट ताऱ्यावर उडी मारली जाते. या लेखातली पद्धत या चारही चुका टाळण्यासाठी आहे: धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पावलागणिक एक खुंटी ठोकायची, आणि प्रत्येक खुंटी मागच्या खुंटीच्या दहापट ऊर्जेची धरायची. क्रम मात्र बदलू नका.

## आधीची तयारी

सामान साधं आहे. तुरीची कापणी झाली की तुराट्यांना तोटा नसतो. त्यातल्या हातभर लांबीच्या पन्नासेक घ्या. जाड पुठ्ठ्याची कार्डं, मार्कर, सुतळी आणि घरातलं एखादं विजेचं बिल. जागा म्हणून वावराचा सरळ धुरा उत्तम. सव्वाशे फूट मोकळा मिळाला की झालं. धुरा नसेल तर शाळेच्या मैदानावर फक्कीने रेघ आखा.

सगळी पावलं एकाच माणसाने टाकावीत, आणि प्रत्येक पाऊल अडीच फुटांचं असावं. पोरांनी आपापली पावलं टाकली की खुंट्यांमधली अंतरं कमीजास्त होतात आणि पुढचा हिशेब फसतो. त्यासाठी अडीच फुटांची सुतळी कापून ठेवा.

सावधान: रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडलेली वावरं आपल्याकडे आहेत. असा करंट जीवघेणा आहे. ज्यांचं वावर आहे त्यांना विचारल्याशिवाय, दिवसासुद्धा, कोणत्याही धुऱ्यावर मुलांना नेऊ नका.

## टप्पा १: युनिट आणि किलोवॅट वेगळे ठेवा

विजेचं बिल मुलांच्या हातात द्या आणि विचारा, पैसे कशाचे लागले? युनिटचे. युनिट म्हणजे एकूण वापरलेली ऊर्जा. किलोवॅट म्हणजे ती किती झपाट्याने वापरली तो दर. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट होतं.

पाच एचपीची मोटर साधारण पावणेचार किलोवॅटची. थ्री फेज लाइन आठ तास राहिली आणि मोटर सतत चालली, तर अंदाजे तीस युनिट. ‘मोटर पावणेचार किलोवॅट जळाली’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबवा. ते वाक्य चूक आहे, आणि पुढे सूर्यावर गेल्यावर हीच चूक फार महागात पडते.

शास्त्रज्ञ ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. शंभर ग्रॅमची वस्तू जमिनीवरून एक मीटर उचलायला लागते ती ऊर्जा जवळपास एक ज्यूल. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे मोटरचं ते आठ तासांचं काम झालं साधारण १० कोटी ज्यूल.

तपासा: ‘सूर्य किती ज्यूलचा आहे?’ असं विचारून पाहा. मुलांनी उलट ‘किती वेळात?’ असं विचारलं, तरच पुढे जा.

## टप्पा २: नावं सोडा, शून्यं मोजा

कोटी म्हणजे एकावर सात शून्यं, अब्ज म्हणजे नऊ. त्यापुढे खर्व, निखर्व, पद्म अशी नावं आहेत, पण त्यांच्या याद्या सगळीकडे सारख्या नाहीत आणि रोजच्या वापरात ती कोणाच्या तोंडी नसतात. त्यात इंग्रजी बातम्यांतलं बिलियन येतं, म्हणजे १०० कोटी, आणि ट्रिलियन, म्हणजे लाख कोटी. बिलियनचं भाषांतर घाईत ‘कोटी’ करून टाकलेल्या बातम्या नेहमी दिसतात. तिथे आकडा शंभर पटींनी उतरलेला असतो.

म्हणून या कामापुरती नावं बाजूला ठेवा. फक्त एकावर किती शून्यं, एवढंच लिहा. एक शून्य वाढलं की दहापट, दोन वाढली की शंभरपट. ‘४४ आणि ४६ यांत दोनाचाच तर फरक’ असं मुलं हमखास म्हणतात. तो फरक शंभरपट आहे, हे फळ्यावर लहान आकड्यांनी, १० आणि १०००, असं दाखवून पक्कं करा.

## टप्पा ३: खुंट्या ठोका

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. इथे घाई नको.

पहिली तुराटी ठोका आणि तिला ० चं कार्ड बांधा. ही एका ज्यूलची खुंटी. सुतळीने एक पाऊल मोजून पुढची, १ ची, म्हणजे दहा ज्यूल. मग २ ची, शंभर ज्यूल. असं करत ४६ पर्यंत जा. प्रत्येक खुंटी मागच्या खुंटीच्या दहापट ऊर्जेची आहे, हे ठोकतानाच मोठ्याने म्हणवून घ्या.

आता ओळखीच्या गोष्टींची कार्डं लावत चला. विजेचं एक युनिट ६ आणि ७ च्या मध्ये येतं. पाच एचपीच्या मोटरचे आठ तास ८ वर. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी चौरस मीटरभर जागेवर साधारण सहा युनिट ऊन पडतं. एकरात चार हजारांवर चौरस मीटर असतात, म्हणून एकरभर वावरावर दिवसभरात पडलेलं ऊन जवळपास ११ च्या खुंटीवर येतं. हे कार्ड लावताना थोडं थांबा. ज्या वावरात उभे आहात त्याच्या एका एकरावर एका दिवसात पडलेली ऊर्जा मोटरच्या आठ तासांच्या शेकडोपट आहे, हे बहुतेकांनी कधी मनात आणलेलं नसतं.

हिरोशिमावरचा अणुबॉम्ब १४ च्या किंचित अलीकडे येतो. १७ च्या जवळ चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र लावा. त्याची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट. वर्षभर एकही संच बंद न पडता पूर्ण क्षमतेने चाललं, तर सुमारे अडीच हजार कोटी युनिट, म्हणजे जवळपास १७ शून्यांएवढे ज्यूल. सूर्याकडून साऱ्या पृथ्वीवर दिवसभरात येणारी ऊर्जा २२ च्या थोडी पुढे.

धुऱ्यावर इथवर अर्धंही अंतर संपलेलं नाही.

तपासा: आता मुलांना सांगा, ‘४६ च्या खुंटीवर जेवढी ऊर्जा आहे, तिच्या निम्मी जिथे असेल तिथे जाऊन उभे राहा.’ पोरं धावत जातात ती २३ वर. २३ ची खुंटी म्हणजे पृथ्वीवर येणारं जेमतेम आठवडाभराचं ऊन. निम्म्याची खरी जागा ४६ च्या फक्त वीतभर अलीकडे आहे. ती वीत जमिनीवर हात ठेवून मोजून दाखवा. ० पासून ४५ पर्यंतच्या सगळ्या खुंट्यांची ऊर्जा एकत्र केली तरी ती ४६ च्या खुंटीच्या नवव्या हिश्श्याएवढी भरते. हे ज्याला उमगलं, त्याला पुढचं सगळं उमगेल. नसेल उमगलं तर ० ते ३ एवढ्याच खुंट्या घेऊन दगड मोजत पुन्हा करा: १, १०, १००, १०००.

## टप्पा ४: मध्ये सूर्य येऊ द्या

इथे बहुतेक जण सूर्य ओलांडून सरळ स्फोटावर जातात. तसं करू नका. सूर्य हाच मधला आधार आहे.

सूर्य एका सेकंदात जी ऊर्जा टाकतो ती २६ आणि २७ च्या मध्ये, २७ कडे झुकलेली. चंद्रपूरच्या खुंटीपासून इथवर साडेनऊ पावलं आहेत, आणि त्या साडेनऊ पावलांचा अर्थ असा: चंद्रपूरचं केंद्र आजच्या क्षमतेने अखंड चाललं, तर सूर्याच्या एका सेकंदाची बरोबरी करायला त्याला ४०० कोटींहून अधिक वर्षं लागतील. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे.

‘कोट्यवधी अणुबॉम्ब’ हे वाक्य किती तोकडं आहे, तेही इथेच कळतं. हिरोशिमासारखे सहा लाख कोटी बॉम्ब तेव्हा कुठे सूर्याचा एक सेकंद होतो. ताऱ्याच्या स्फोटासाठी कोट्यवधी बॉम्ब म्हणणं म्हणजे त्याला वीसहून अधिक शून्यांनी कमी लेखणं.

आता ३४ वर सूर्याचं एक वर्ष लावा. मग चालत जा ४४ वर, आणि तिथे सूर्याचं सगळं आयुष्य लावा: सुमारे १००० कोटी वर्षांत तो जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल तेवढी सगळी.

## टप्पा ५: स्फोटाची तीन कार्डं, एक नाही

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो, तेव्हाचा स्फोट घ्या. त्याची ऊर्जा तीन वाटांनी बाहेर पडते, आणि तिन्हींची कार्डं वेगवेगळी लावायची.

उजेडाचं कार्ड ४२ वर. डोळ्यांना आणि दुर्बिणीला कित्येक महिने दिसतं ते एवढंच.

ताऱ्याचे बाहेरचे थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने उधळतात. त्या गतीची ऊर्जा ४४ वर. म्हणजे सूर्य जन्मभरात जेवढं देईल, तेवढं नुसतं ढिगारा उडवण्यात जातं.

आणि उरलेली जवळपास ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाच्या कणांतून निघून जाते. ते कार्ड ४६ च्याही अर्धं पाऊल पुढे लावा. हे अर्धं पाऊल म्हणजे ‘थोडं जास्त’ नव्हे, तिप्पट. सूर्यासारखे अडीचशे तारे आपापल्या पूर्ण आयुष्यात जेवढं देतील तेवढी ही ऊर्जा, आणि तिचा बहुतेक भाग साधारण दहा सेकंदांत बाहेर पडतो. पहिल्या टप्प्यातला एकूण आणि दर यांतला फरक इथे कामी येतो.

डोळ्यांना दिसणारा उजेड हा एकूण ऊर्जेच्या तीस हजारांतला एक हिस्सा आहे. ‘स्फोट एवढा उजळ, म्हणून एवढा मोठा’ हे वाक्य त्यामुळे चालत नाही.

न्यूट्रिनोंची गोष्ट कागदावरचीच आहे का, असं कोणी विचारलं तर १९८७ सालचं उदाहरण द्या. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलनी मेघ या आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या, म्हणजे सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूरच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले. जमिनीच्या, आणि तेव्हा हयात असलेल्या प्रत्येकाच्या अंगाच्याही, दर चौरस सेंटीमीटरमधून हजार कोटींच्या आसपास कण आरपार गेले. जपान, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ इथल्या तीन उपकरणांत मिळून सापडले फक्त दोन डझन. त्यावरून काढलेली ऊर्जा हिशेबाशी जुळली.

सावधान: सगळे सुपरनोव्हा कोसळण्यातून होत नाहीत. दुसऱ्या प्रकारात श्वेत बटू ताऱ्यातला, म्हणजे सूर्यासारखा तारा विझल्यावर उरलेल्या घट्ट गाभ्यातला, कार्बन आणि ऑक्सिजन काही सेकंदांत पेट घेतो आणि सगळा ताराच उधळला जातो. त्याची एकूण ऊर्जा ४४ च्या आसपास. न्यूट्रिनोंचा वाटा तिथे किरकोळ. तरी उजेडाला तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारापेक्षा सरस असतो. एका प्रकाराचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

## टप्पा ६: एवढी ऊर्जा आली कुठून?

‘इंधन जळालं’ हे उत्तर पहिल्या प्रकारात चूक आहे. अशा ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड साठतं, आणि लोखंडाच्या विलीनीकरणातून, म्हणजे त्याचे अणुगर्भ एकमेकांत मिसळण्यातून, ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा येते पडण्यातून.

दहा मीटर खोल विहिरीत एक किलोचा दगड टाका. खाली पोचेपर्यंत त्याला साधारण शंभर ज्यूल मिळतात, म्हणजे २ ची खुंटी. एक किलो दगडी कोळसा जाळला तर ७ च्या आसपास. एक किलो हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर झालं, जसं सूर्यात होतं, तर १५ च्या किंचित अलीकडे.

आता तोच एक किलोचा दगड न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याच्या अतिघट्ट गोळ्यावर, पडू द्या. तो १६ च्या पुढे जातो. असे पाच-सहा किलो दगड पडले की चंद्रपूरच्या केंद्राचं अख्खं वर्ष भरून निघतं. नुसतं पडणं, जळण्याला आणि विलीनीकरणाला मागे टाकतं.

ताऱ्यात पडतो तो दगड नसतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाचा, साधारण पृथ्वीएवढा लोखंडी गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा गोळा होतो. आपल्या तालुक्यात मावेल एवढा. एवढं सगळं वस्तुमान एवढ्या आत पडलं, त्याची किंमत ४६ च्या अर्धं पाऊल पुढची. बाहेरच्या थरांना त्यातला जेमतेम शंभरावा हिस्सा मिळतो, आणि तेवढ्यानेच तारा फुटतो.

तपासा: ‘स्फोटाची ऊर्जा कशाची?’ याला ‘गुरुत्वाकर्षणाची’ असं उत्तर आलं, आणि ‘दुसऱ्या प्रकारात?’ याला ‘विलीनीकरणाची’, तर हा टप्पा झाला.

## टप्पा ७: अंतर जोडा

ऊर्जा कळली की लगेच भीती वाटते. ती अंतराने उतरते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा, दहापट झालं की शंभरावा.

शंभर कोटी सूर्यांएवढा उजळलेला स्फोट धरा. तो आपल्याला सूर्याएवढाच प्रखर दिसायला किती दूर हवा? शंभर कोटींचं वर्गमूळ साधारण बत्तीस हजार. म्हणजे सूर्य जेवढा दूर आहे त्याच्या बत्तीस हजार पट, जवळपास अर्धं प्रकाशवर्ष. इतक्या जवळ सूर्याखेरीज दुसरा ताराच नाही.

मृगातला तांबूस तारा, आर्द्रा म्हणजेच काक्षी, कधीतरी असाच फुटणार आहे. २०१९ च्या शेवटी तो मंद झाला तेव्हा ‘तारा फुटणार, पृथ्वीला धोका’ असे संदेश मोबाइलवर फिरले होते. ते मंदावणं धुळीमुळे होतं. काक्षी पाचशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. तो फुटला तर अर्धचंद्र ते पौर्णिमेचा चंद्र यांच्या दरम्यानचा उजेड देईल आणि काही काळ दिवसाही दिसेल. नुकसान व्हायला स्फोट साधारण पन्नास प्रकाशवर्षांच्या आत हवा. काक्षी कधी फुटेल याची तारीख सांगणारा संदेश आला तर पुढे पाठवू नका. अंदाज लाख वर्षांच्या हिशेबात केले जातात. आणि आपला सूर्य असा फुटणार नाही. तेवढं वस्तुमानच त्याच्याकडे नाही.

## टप्पा ८: मग रात्री वर बघा

हा टप्पा शेवटीच घ्यायचा. आधी घेतला तर मुलांना फक्त ठिपके दिसतात.

जानेवारीतली अमावास्येजवळची रात्र निवडा. जागलीवर असणाऱ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते बॅटऱ्या मारत येणार नाहीत. वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या भागात वावरात जाऊच नका, शाळेचं मैदान किंवा घराची गच्ची घ्या. बॅटरीला लाल कागद लावा आणि डोळे सरावायला वीस मिनिटं द्या. मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती वीस मिनिटं वाया गेली.

रोहिणीचा तांबूस तारा ज्यात आहे ती वृषभ रास शोधा. बैलाच्या दोन शिंगांपैकी मृगाकडच्या शिंगाच्या टोकाला झेटा टौरी हा तारा आहे. नागपूरच्या अक्षांशावरून तो अगदी डोक्यावरून जातो. जानेवारीच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास मान पूर्ण मागे टाकली की सापडतो. त्याच्या वायव्येला साधारण एक अंशावर, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या करंगळीएवढ्या अंतरावर, क्रॅब नेब्युला आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तीन-चार इंची दुर्बिणीतून फिकट डाग दिसतो. रंगीत फोटोतल्यासारखं दिसेल असं मुलांना आधी सांगू नका, नाहीतर ती हिरमुसतात.

हा १०५४ सालच्या जुलैत चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा ढिगारा. सुमारे ६५०० प्रकाशवर्षं दूर असूनही तो स्फोट २३ दिवस भर दिवसा दिसत होता. ढिगारा आजही सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगाने पसरतो आहे. दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या प्रत्येकाला विचारा, हा वेग धुऱ्यावरच्या तीनपैकी कोणत्या कार्डाचा? ढिगाऱ्याच्या गतीचं, ४४ च्या खुंटीवरचं कार्ड, हे उत्तर आलं पाहिजे.

## शेवटची तपासणी

दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न विचारा, तोंडी. सूर्याचं सगळं आयुष्य आणि ताऱ्याच्या स्फोटाची एकूण ऊर्जा यांत किती पावलं? (अडीचच्या जवळपास.) आपल्याला दिसणारा उजेड एकूण ऊर्जेच्या किती मागे? (साडेचार पावलं.) तिसरा प्रश्न जरा अवघड आहे: स्फोट डोळ्यांना दिसायच्या आधी कळू शकतो का? कळू शकतो. न्यूट्रिनो कोसळत्या गाभ्यातून लगेच निसटतात, तर उजेड फुटायला धक्क्याची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचावी लागते. १९८७ मध्ये न्यूट्रिनो उजेडाच्या सुमारे तीन तास आधी आले होते. आज जगभरातली न्यूट्रिनो पकडणारी केंद्रं एकमेकांना जोडलेली आहेत, आणि आपल्या आकाशगंगेत पुढचा तारा कोसळला की दुर्बिणी वेळेत वळवता याव्यात म्हणून ती आधी इशारा देतील.